पटका बांधला आणि सोबत सोडली

तुम्हाला संध्याकाळी दारच्या सोप्यावर माणसं हवी होती ना? आली. तुम्ही गेलात त्या दिवसापासून तेराव्यापर्यंत एक संध्याकाळ सोपा रिकामा राहिला नाही. घोंगडी कमी पडली म्हणून शेजारून मागून आणली. गणपाभावजी आले, वरच्या आळीचे आले, वर्षभर ज्यांचं तोंड दिसलं नव्हतं तेही आले. तंबाखू मळली, "लय वंगाळ झालं" म्हणाले, आणि दिवे लागले तरी उठेनात. मी आत चुलीपाशी बसून ऐकत होते आणि अंगाची लाही होत होती. तुम्ही जिवंत होता तेव्हा ही माणसं कुठे होती?

तुम्ही पलटणीत होतात तेव्हा पत्राच्या सुरुवातीला मी साष्टांग नमस्कार लिहायची. आज लिहीत नाही. वडूजला बापानं मला चौथीपर्यंत शिकवलं, म्हणून लढाईच्या वर्षांत आळीतल्या सगळ्या बायकांची पत्रं माझ्याच हातची जायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सासऱ्याचं दुखणं, कुणाचं पोर चालायला लागलं. दुसऱ्यांचं लिहिता लिहिता माझं सांगायचं राहून जायचं. आता सांगते. मी तुमच्यावर रागावले आहे, गावावर तर त्याहून जास्त, आणि दोन्ही राग इतके एकमेकांत गुंतलेत की वेगळे करायला बसले तर चूल विझेल.

दारू तुम्ही गावात शिकला नाहीत, हे आधी सांगितलं पाहिजे, कारण सोप्यावर बसलेल्यांपैकी कुणी ते बोललं नाही. ब्रह्मदेशातल्या त्या चिखलात सरकारनं तुम्हाला ती हातात दिली. तुम्ही लिहिलं होतं, "इथं संध्याकाळी आम्हाला रम मिळते, थंडीतापावर औषध आहे." आणि मी शहाणीनं उत्तर धाडलं की औषध वेळच्या वेळी घेत जा, टाळाटाळ करू नका. पुढे किती हसलो आपण त्या पत्रावर! हसण्यासारखं काही उरलं होतं तोवर हसलो.

लढाई संपली, तुम्ही आलात, पण संध्याकाळ झाली की अंग मागायचं. रम नव्हती, ओढ्यापलीकडची हातभट्टी होती. तुम्ही लढाईवर असताना चळवळीतल्या पोरांनी त्या भट्ट्या फोडल्या होत्या आणि पिणाऱ्यांना चांगलं चोपलं होतं. थोडे दिवस सगळे गप्प बसले, मग भट्टी पुन्हा लागली आणि मार खाल्लेले सगळ्यांत आधी तिथं पोचले. तुम्हाला कुणी मारलं असतं तरी काही उपयोग नव्हता. आई तुळजाभवानीची शपथ तुम्ही घेतलीत, आपल्या लेकीच्या, चंपाच्या डोक्यावर हात ठेवलात, आणि दोन्ही वेळा चार दिवसांत पिऊन आलात. चंपा तेव्हा सात वर्षांची. शपथ मोडली म्हणून आता आपण मरणार, असं तिला वाटायचं. रात्री माझ्या पदराला गाठ मारून झोपायची. याचा राग अजून गेलेला नाही, जाणार नाही.

तुम्ही गुळव्या होतात, गूळ उतरवणारे. आपल्या पट्ट्यात तुमच्यासारखा गुळव्या नव्हता, हे मी बायको म्हणून सांगत नाही, कुंडलपासून माणसं तुम्हाला बोलवायला यायची. उकळत्या रसाच्या काहिलीतला थेंब पाण्यात टाकायचा, दोन बोटांत त्याची गोळी वळायची आणि "उतरा" म्हणायचं. तेवढ्या एका शब्दावर दहा घरांचा ऊस अवलंबून असायचा. एका साली तुम्ही पिऊन काहिलीखालच्या चुलवाणापाशी बसलात आणि तो शब्द उशिरा बोललात. काहील करपली. ऊस होता तात्यांचा. आपल्या घराण्यातले ते सगळ्यांत वडील, तुमचे चुलतचुलते, ज्यांच्यापुढे तुम्ही कधी मान वर करून बोलला नव्हता. काळा पडलेला गूळ बघून ते तुम्हाला एक शब्द बोलले नाहीत. नुसते काहिलीकडे बघत उभे राहिले. तुम्ही घरी येऊन पांघरूण घेतलंत आणि "आता मला कुणी हाक मारू नका" म्हणालात.

त्यानंतरचे दिवस आठवले तरी मला घाम फुटतो. तुमचे हात थरथरायचे, पाणी प्यायला दिलं तर भांडं दातांवर वाजायचं. भिंतीवर किडे चालतायत म्हणून ओरडायचात. पण त्या पांघरुणातून तुम्ही दारू न पिता बाहेर आलात. ते तुमचं तुम्ही केलंत. तेवढ्यापुरता मी तुम्हाला आजही नमस्कार करते, घ्या.

मग तात्या आले. सोप्यावर बसले, काठी बाजूला ठेवली, तुमच्याकडे न बघता गणपाभावजींना म्हणाले, "ह्याचा दिस जातुय रं. ह्याची सांज जाईना. आपण उसाला पैरा करतूय, मोटंला पैरा करतूय. मानसाला का करू नये?" पैरा म्हणजे काय ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आज तुम्ही माझ्या रानात राबा, उद्या मी तुमच्या. ऊस तोडायचा असा, पेरणी करायची अशी. तात्यांनी तुमच्या संध्याकाळींचा पैरा लावला. रोज एका घरातला गडी ऊन उतरलं की आपल्या सोप्यावर यायचा, जेवणवेळेपर्यंत बसायचा. त्या बदल्यात त्याच्या घरचं गुऱ्हाळ लागलं की चुलवाणावर तुम्ही. दारूचा विषय काढायचा नाही, एवढाच तात्यांचा दंडक होता.

काय संध्याकाळी होत्या त्या! घायपाताच्या धाग्यांचा वाक घेऊन दोरखंड वळत बसायचात तुम्ही दोघं, आणि मी आतून ऐकायची. गणपाभावजींची पाळी असली की त्यांच्या चोरीला गेलेल्या खिलारी बैलाची गोष्ट ठरलेली. दर खेपेला तो बैल एक बोट उंच व्हायचा. शेवटी तुम्ही म्हणालात, "गणपा, आता बास कर गड्या, त्यो बैल दारातनं आत मावंना झालाय." वरच्या आळीचा रामा तर आल्या आल्या भिंतीला टेकून घोरायचा. तो तुम्हाला राखायला आलेला, आणि तुम्ही त्याच्या अंगावर घोंगडी टाकून त्याला राखत बसायचात. मी आत तोंडाला पदर लावून हसायची. चंपा पदराला गाठ मारायची विसरली. एकदा तुम्ही भाकरी खाताना सहज म्हणालात, "आज सांज कवा सरली कळलंच न्हाई." तुम्हाला ते बोलल्याचं ध्यानातही राहिलं नसेल. मी मात्र हातातला पीठगोळा तसाच धरून बसले, इतकं बरं वाटलं.

त्या माणसांचे उपकार मी विसरले नाही. विसरले असते तर राग आला नसता. त्यांना जमत होतं. हात बसला होता. आणि मग त्यांना तुमचा मान करायची बुद्धी झाली.

यात्रेच्या दिवशी, कुस्त्यांच्या मैदानात, अख्ख्या पंचक्रोशीसमोर तुमचं नाव पुकारलं. साताऱ्याहून आलेल्या कुठल्याशा पाहुण्यानं भाषण केलं, व्यसन जिंकलं, गावाला भूषण, असलं काहीबाही. तुम्हाला भरजरी पटका बांधला, हातात नारळ दिला, हलगी वाजली. बायकांच्या घोळक्यातून मी बघत होते. तुमचा चेहरा मला आवडला नाही. लढाईवर जाताना वरवर सगळे हसत होते आणि तुम्ही पण हसत होतात, तेव्हा होता तसा चेहरा. पण माझाही ऊर भरून आला होता, खोटं का बोलू.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरलं तशी तुम्ही घोंगडी अंथरलीत, वाक पुढे घेतला, तंबाखूचा बटवा ठेवलात. कुणी आलं नाही. यात्रेचा शिणवटा असेल म्हणालात. त्याच्या दुसऱ्या दिवशीही अंथरलीत. तिसऱ्या दिवशी अंथरली नाहीत, नुसते खांबाला धरून उभे राहिलात, आणि गणपाभावजी समोरच्या वाटेनं गेले तेव्हा त्यांनी तुम्हाला रामराम घातला. वाकून घातला, मोठ्या माणसाला घालतात तसा. आणि पुढे गेले. तुम्ही लगेच आत आलात.

"हाक मारायची की भावजींना," मी म्हणाले.

"काय म्हनून मारू? मला राखाया या म्हनून?"

"आवं, वरीसभर येत हुतेच की."

"तवा मी बेवडा हुतो. आता गावानं पटका बांधलाय. पटका बांधल्यालं मानूस 'माज्यापाशी बसा' म्हनून दारोदारी फिरतंय व्हय?"

त्या रात्री आपण किती भांडलो! मी म्हणाले, पटका विहिरीत टाका. तुम्ही म्हणालात, बाईला मानातलं काय कळतंय. ते भांडण अर्धंच राहिलं, कारण चंपा जागी झाली. आता ते पुरं करते. मला मानातलं काही कळत नसेल, पण तुमच्यातलं सगळं कळत होतं. तुम्हाला गावाची गरज होती आणि गावानं तुम्हाला देव्हाऱ्यात बसवलं. देव्हाऱ्यापुढे कुणी दोरखंड वळत बसत नाही.

मग मीच येऊन बसले, आठवतंय? चूल लवकर आवरली, शेंगांचं सूप घेतलं आणि सोप्यावर तुमच्या शेजारी टेकले. म्हटलं, फोडू या दोघं, बियाणं लागणारच आहे. मूठभर शेंगा फोडल्या असतील नसतील. वाटेनं दोघं तिघं गेले. त्यातला एकजण हसला. बस, तेवढंच. तुम्ही सूप माझ्याकडे सरकवलंत आणि मान फिरवून म्हणालात, "जा आत. लोक काय म्हन्तील? बायकूला घिऊन सोप्यावर बसतुय?"

मी उठले. सूप उचललं आणि आत गेले. बाकी सगळं मी तुम्हाला माफ करू शकेन, शपथा, करपलेली काहील, ओरडणं, सगळं. हे नाही. परका रामा तुमच्यापाशी येऊन घोरला ते चाललं. मी चालले नाही. ज्या बाईनं तुमचं थरथरतं तोंड धरून पाणी पाजलं, तिनं उजेडात तुमच्याजवळ बसायचं नाही, कारण वाटेवर एक माणूस हसला!

आणि तरी मी गप्प बसले नाही. तात्यांकडे गेले. डोक्यावरचा पदर सावरून त्यांच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, "मामंजी, पैरा पुन्हा लावा." म्हातारा दचकला. मग समजावणीच्या सुरात बोलायला लागला. "पोरी, काम झालं की पैरा फिटतुय. तुजा नवरा आता तरण्या पोरांस्नी दाकवायचा मानूस हाय. त्येला धरून चालवाया लागलो तर लोकं म्हन्तील ह्येचा पाय अजून लुळाच हाय. त्येचा पानउतारा करू काय मी?" ते मनापासून बोलत होते. तेच तर डोकं फिरवणारं आहे. गावात कुणाच्या मनात वाईट नव्हतं. तुम्हाला दुखवायला नको म्हणून सगळ्यांनी तुम्हाला एकटं टाकलं. रोज राबून उभा केलेला माणूस, त्याची राखण आदरानं सोडून दिली. ऊस तोडून होतो, पेरणी करून होते, ही कामं सरतात. संध्याकाळ रोज होते हे या शेतकरी माणसांना कळू नये?

तुम्ही पुन्हा प्यायला लागलात ते मला लगेच कळलं. दारूचा वास मारायला चघळलेला कच्चा कांदा तोंडाला आला की बायकोला कळतं. पण गावाला कळलं नाही, कारण या खेपेला तुम्ही लपून पीत होता. आधी प्यायचात तेव्हा चावडीपुढे, चार माणसांत पडायचात. लाज वाटायची मला, पण कुणीतरी बखोटीला धरून घरी आणून सोडायचं. शिव्या देत का होईना, आणायचं. पटका बांधलेल्या माणसाला असं पडायची सोय नव्हती. म्हणून तुम्ही उसात शिरलात. आपल्याच उसाच्या मधोमध, जिथं पाच हातांवरून जाणाऱ्यालाही दिसत नाही तिथं. थंडी होती. तुम्ही पडलात आणि उठला नाहीत. सकाळी पाणी वळवायला गेलेल्या गणपाभावजींना सापडलात. डोकं उघडं होतं. मी सगळीकडे कंदील घेऊन फिरले होते त्या रात्री, उसाच्या कडेनंही गेले होते, हाका मारल्या होत्या. तुम्ही ऐकल्या का हो? ऐकून गप्प राहिलात का? एवढंच मला कुणीतरी सांगावं, मग मी बाकी काही विचारणार नाही.

बांगड्या फोडायला मात्र बायका धावत आल्या.

तेराव्याला जेवणं झाली, मंडळी सोप्यावर बसली, आणि कुणीतरी म्हणालं, "गडी चांगला हुता, पर मनाचा कच्चा." मग माझ्यानं आत बसवेना. मी उंबऱ्यावर येऊन उभी राहिले. मी म्हणाले, "मनाचा कच्चा म्हनायचं न्हाई. तुमी यायचा तवर त्यो पक्का हुता. वरीसभर पक्का हुता. तुमी यायचं बंद केलं." गणपाभावजींनी मान खाली घातली. कुणीतरी "वैनी, अवो, दुःखात हाय तुमी" म्हणालं. मी म्हणाले, "दुःखात न्हाई, रागात हाय." तात्या बाजूला ठेवलेली काठी चाचपायला लागले. मला त्यांची कीव आली आणि कीव आली म्हणून आणखी राग आला.

वाटलं होतं, आता गाव मला वाळीत टाकेल. तसं काही झालं नाही. झालं ते वेगळंच. परवा दुपारी मागच्या दारानं हौसा आली. खालच्या आळीतल्या सदूची बायको. सदू तुमच्याच पलटणीतला, तुम्ही त्याला ओळखता, त्याची भट्टीवरची उठबस अजून चालूच आहे. हौसाच्या भुवईवर सूज होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आक्का, तुमच्या मालकांनी वरीसभर कशी टाकली हुती वं? कुणाचा अंगारा हुता?"

मी तिला सगळं सांगितलं. अंगारा नव्हता, गडी यायचे. ती म्हणाली, आमच्याकडं कोन येतंय? आणि खरंच, सदूचा गोतावळा मोठा नाही, घराणं नावाजलेलं नाही, त्याच्यासाठी तात्या काठी टेकत येणार नाहीत. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी येते."

विधवेनं महिनासुद्धा झाला नाही तोवर उंबरा ओलांडायचा, तेही परक्या गड्याच्या दारात बसायला! गावात काय बोलणं झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको, तुम्ही मला त्याच्याहून कमी गोष्टीसाठी आत पाठवलं होतं. मी गेले. चंपाला सोबत घेतलं. सदू अंगणात डोकं धरून बसला होता. मला बघून ओशाळला, उठायला लागला. "वैनी, तुमी कशाला?"

"बस," म्हटलं. "मालकांच्या पलटणीचं सांग. त्येंनी मला समदं लिहिलं न्हाई."

तो बसला. मग हळूहळू तिथल्या नद्यांचं सांगायला लागला, खेचरांचं, पावसाचं. तुमचंही सांगितलं, एका आजारी पोराला तुम्ही पाठीवर घेऊन किती चाललात ते. मला हे कधी बोलला नाहीत. मी ऐकत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि तेवढा वेळ, तेवढाच वेळ, मी तुमच्यावर रागावले नव्हते.

हौसा दारात उभी होती, पदर ओठांत धरून. वाटेनं माणसं जात होती. त्यातलं एक थांबलं आणि बघायला लागलं, हसलंही असेल. हौसा आत वळली. मी उठले, तिचा दंड धरला, ओढत बाहेर आणलं आणि तिला तिच्या नवऱ्याशेजारी, उजेडात, वाटेकडे तोंड करून बसवलं.